अहो आई

माझ्या पोटच्या पोरीनं मला पहिल्यांदा 'अहो आई' म्हटलं तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. आणि त्याच वेळी ती बाहेरच्या बाकावर बसून खारे शेंगदाणे खात होती, वय वर्षं अठरा.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सांगते.

मी महानंदा बिराजदार. लातुरात ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला इथं येतात, दोन वर्षं घासतात आणि माझ्याकडं जेवतात. किती डॉक्टर झाले ते क्लासवाल्यांच्या फलकांवर असतं. जे झाले नाहीत ते निकालाच्या दिवशी किती जेवले, हे मात्र फक्त मला माहीत आहे.

शिवन्या माझी एकुलती एक. तिचे वडील गेले त्याला नऊ वर्षं झाली. पोरगी पातेल्यांमध्येच वाढली आणि तिला वेड लागलं ते आंबवण्याचं. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून मी त्याला घोंगडीत गुंडाळायची, तर ही आठवीतली चिमुरडी त्यात थर्मामीटर खुपसून वहीत आकडे लिहायची. आता तर त्याचं मोठं शास्त्र झालंय. मोठमोठ्या टाक्यांत जंतू वाढवतात, त्यांना साखरेचं पाणी पाजतात आणि ते जंतू गाय नसताना दुधातली प्रथिनं बनवून देतात. मी म्हटलं, जंतूंना पोसायचं आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, म्हणजे ही पण खानावळच की. शिवन्या म्हणाली, "तुला सगळं जग खानावळच दिसतं."

बारावीनंतर तिचा दोन ठिकाणी नंबर लागला. एक परभणीचं सरकारी कॉलेज. फी आमच्या आवाक्यातली, होस्टेल साधं, टाकी एकच आणि तीही म्हणे आलटून पालटून वापरायची. दुसरं बंगळूरूचं खासगी विद्यापीठ. तिथं अशा चाळीस टाक्या, परदेशी प्राध्यापक, आणि पाच वर्षांचा खर्च सत्तर लाख. तेवढं कर्ज मिळणार होतं, पण तारण म्हणून माझं घर आणि खालची खानावळ लिहून द्यायची होती, आणि सहकर्जदार म्हणून माझी सही.

अलीकडं असं मोठं कर्ज काढायचं तर आधी सहकर्जदाराला 'पुढची भेट' घ्यावी लागते. मधल्या काळात पोरांच्या शिक्षणापायी फार घरं गेली, तेव्हा सरकारनं हा नियम केला. विद्यार्थ्यानं बाहेर थांबायचं, आईबापानं आत जायचं आणि पंचवीस वर्षांनंतरच्या आपल्या लेकराशी सात मिनिटं बोलायचं. एका कॉलेजची एक, अशा दोनच भेटी. तिसरी मिळत नाही.

आमच्या प्रवेश केंद्रावर या भेटीचं काम बघणारी बाई म्हणजे तहसीन पठाण. दोन वर्षं माझ्याच पंगतीला जेवलेली. मला बघून खुर्चीतून उठलीच.

"मावशी, तुम्ही?"

"हो. आणि आधी मला हे भविष्य सांगणारं यंत्र काय आहे ते सांग. पोपट असला तर मी चालले."

ती हसली. "मावशी, सकाळी पीठ भिजवतानाच तुम्हाला कळायचं ना, आज किती पोरं जेवायला येणार?"

"त्यात काय? पेपरच्या आदल्या दिवशी निम्मी येतात. पगारी बापाची पोरं महिन्याच्या सुरुवातीला बाहेर खातात. गावाकडं जत्रा असली की..."

"म्हणजे एकेका पोराचं तुम्हाला ठाऊक नसतं, पण शंभरांचं ठाऊक असतं. यंत्राचंही तसंच आहे. ज्यांनी परवानगी दिली अशा दोन लाख पोरांची वीस-पंचवीस वर्षं त्यानं बघितली आहेत. मार्क, नोकऱ्या, कर्जाचे हप्ते आणि घरी केलेले फोनसुद्धा. फोनमध्ये कोण काय बोललं ते नाही, कसं बोललं ते. शिवन्याचा आवाज, तिचं लिखाण, तिच्या सवयी त्यात घातल्या की ते तिची हजारो आयुष्यं जगून बघतं. त्यातलं जे अगदी मधलं, तिच्यासारख्या बहुतेकांच्या वाट्याला येणारं, ते तुमच्याशी बोलतं. हे भाकीत नाही. अंदाज आहे."

"माझा अंदाज कधी कधी चुकतो. मग रात्री आम्ही मायलेकी शिळ्या पोळ्या कुस्करून खातो."

"याचाही चुकतो," तहसीन म्हणाली.

आत एक खुर्ची आणि भिंतीत आवाजाची जाळी. चित्र मुद्दाम दाखवत नाहीत. चेहरा दिसला की लोक रडत बसतात आणि वेळ संपून जातो.

पहिली भेट परभणीची लागली. जाळीतून खरखर झाली आणि माझ्या पोरीचा आवाज आला. जाड झालेला, थोडा दमलेला, पण तिचाच.

"ए आई, काय करलालीस?"

मी नुसताच जाळीला हात लावला.

"बोल की. का पुन्हा बीपीची गोळी विसरलीस?"

"विसरले नाही," मी म्हटलं. खरं तर त्या दिवशी विसरले होते.

"खोटारडी. तुझा आवाज चढलाय बघ." मग तिनं स्वतःचं सुरू केलं. संस्थेत तीन वर्षं बढती अडलीय. साहेब बिनडोक आहे. नवी टाकी मंजूर झाली ती दुसऱ्या विभागानं पळवली. डोकं दुखतंय. मी म्हटलं, साहेबाशी जरा गोडीनं घ्यावं. तर ती माझ्यावरच घसरली. "तुला काय कळतंय गं तिथलं? तू पोळ्या लाट." मलाही राग आला, मीही चार शब्द सुनावले. सात मिनिटांतली तीन मी एका यंत्राशी भांडण्यात घालवली. घड्याळ बघितलं तेव्हा भानावर आले.

"शिवन्या, खरं सांग. परभणीला गेल्याचा पस्तावा होतो का?"

"होतो की," ती लगेच म्हणाली. "त्या बंगळूरूच्या टाक्या कुठं बघितल्या की पोटात तुटतं. तुला मनातल्या मनात शिव्या घालते, का नाही पाठवलंस म्हणून."

"मग काय करतेस?"

"काय करणार? तुला फोन करते."

जाळी बंद झाली. मी पदरानं तोंड पुसलं. माझ्या पोरीच्या पोटात पंचवीस वर्षं तुटत राहणार, हे ऐकून कुठल्या आईला बरं वाटेल?

दुसरी भेट बंगळूरूची. आवाज तोच, पण स्वच्छ, धुऊन इस्त्री केल्यासारखा.

"अहो आई, नमस्कार. कशा आहात? जेवलात का तुम्ही?"

मला हसूच आलं. "अगं, मी काय तुझी सासू आहे का?"

तीही हसली, बेताचं. मग तिनं सगळं सांगितलं. पन्नास माणसं तिच्या हाताखाली. कर्ज केव्हाच फिटलं, घर सोडवलं. मला महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात, ते पोहोचतात ना? गुडघ्यांसाठी चांगला डॉक्टर बघून ठेवलाय. माझी तब्येत, माझी औषधं, माझं जेवण. स्वतःबद्दल तक्रार एक नाही. साहेब कसा आहे विचारलं तर म्हणाली, "छान आहेत सगळे." मी मुद्दाम म्हटलं, मला तुझ्याकडं यायचं नाही, मला बंगळूरू आवडत नाही. माझी शिवन्या असती तर अंगावर धावून आली असती. ही म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

मी इथंही तोच प्रश्न विचारला. पस्तावा होतो का?

"नाही हो आई. तुमच्यामुळेच तर सगळं झालं."

हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं, ते तेव्हा आठवेना.

बाहेर आल्यावर मी तहसीनला म्हटलं, "तुझ्या यंत्राला व्याकरण येत नाही. आईला कुणी अहो म्हणतं का?"

तहसीननं दार लोटून घेतलं. "मावशी, आम्हालाही ती चूकच वाटली होती. पुण्याच्या इंजिनियरांनी दोनदा दुरुस्त केली. दोन्ही वेळा परत आली. मग आम्ही शोधलं. खऱ्या फोनमध्ये एकही पोर आईला अहो म्हणत नाही. पण जिथं पोरांसाठी घर तारण ठेवलेलं असतं, तिथं पोरांचं बोलणं हळूहळू बदलतं. फोन आखूड होतात. भांडण बंद होतं. तक्रार बंद होते. तब्येतीची चौकशी वाढते. ते प्रेम नसतं असं नाही, मावशी. पण त्यात एक अंतर येतं. यंत्रानं ते अंतर मोजलं आणि एवढ्या अंतराला मराठीत कोणता शब्द बसतो ते शोधलं. त्याला 'अहो' सापडलं."

"सगळ्यांच्याच घरी होतं असं?"

"नाही. बहुतेकांच्या." मग ती म्हणाली, "तुमचे चार महिन्यांचे पैसे माझ्याकडं बाकी होते, आठवतंय? तुम्ही रोज सगळ्यांसमोर ओरडायचात, 'ए बाकीदार, चल वाढायला लाग, फुकटचं गिळतेस का?' सगळे हसायचे, मीही हसायचे. मला कधी ओझं वाटलंच नाही. घरी जाऊन अम्मीला सांगायचे, मावशी शिव्या देतात पण वाढतात पोटभर."

ती माझी पद्धतच होती. ज्याचं बाकी असेल त्याला रोज एक शिवी आणि एक काम. नाहीतर पोरं मान खाली घालून जेवतात, आणि मान खाली घालून जेवलेलं अंगी लागत नाही. पण चार महिन्यांच्या जेवणाला एक शिवी पुरते. अख्ख्या घराला कुठली शिवी पुरणार होती?

बाकावर शिवन्या शेंगदाण्यांची पुडी संपवून बसली होती. "काय म्हणाले मी?"

तिचे डोळे इतके मोठे झाले होते की मला बाकीचं काही सांगवेना. माझ्या एका 'तू'साठी पोरीला चाळीस टाक्यांपासून तोडू? आई म्हणवून घ्यायची लाज वाटली असती. मी म्हटलं, "दोन्हीकडं चांगलंच आहे. बंगळूरूला जास्त चांगलं. तू तिकडंच जा." आणि आत जाऊन संमतीपत्रावर सही करून आले. शुक्रवारपर्यंत ते मागं घेता येत होतं. मागं घ्यायचा माझा विचार नव्हता.

हे सोमवारी झालं.

मंगळवारी माझ्या खानावळीत शेपूची भाजी असते. शिवन्याला शेपू म्हणजे विष. लहानपणी ती ताट ढकलून द्यायची, मोठी झाल्यावर नाक धरून व्याख्यान द्यायची: हा वास कुठल्या तेलाचा, तो कपड्यात कसा बसतो आणि ही भाजी करणारी बाई कशी क्रूर आहे. अठरा वर्षांत एक मंगळवार चुकला नाही. मलाही त्या बोलण्याची इतकी सवय की ते ऐकल्याशिवाय भाजी झाल्यासारखी वाटत नाही.

त्या मंगळवारी ती आली, बसली, आणि मुकाट्यानं शेपू खाल्ली.

"छान झालीय," ती म्हणाली. "आई, तू बस. तुझे गुडघे दुखत असतील. भांडी मी घासते."

बुधवारी तिनं न सांगता पहाटे उठून पीठ मळलं. चपला घ्यायला पैसे दिले तर "आहेत त्या चालतील" म्हणाली. पंखा मोठा करू का, विचारून मग केला. माझ्या घरात, तिच्या घरात, विचारून! मला तिचे गाल धरून हलवावंसं वाटलं. पंचवीस वर्षं कशाला, दोन दिवसांतच सुरुवात झाली होती. 'तू' अजून तोंडात होतं, पण 'अहो' दारात येऊन उभं होतं.

आणि बुधवारी दुपारी डाळ निवडताना मला ते वाक्य आठवलं. ते मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं होतं.

ही खानावळ माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे शिवन्याच्या मोठ्या आईच्या, सोन्याच्या पाटल्यांवर उभी राहिली. त्यांनी आपण होऊन हातातून काढून दिल्या आणि पुन्हा जन्मात त्याचा उच्चार केला नाही. त्याआधी मी त्यांना 'अहो आई' म्हणत म्हणत कडाकडा भांडायची. आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून आम्ही चार-चार दिवस अबोला धरलेला आहे. पाटल्या घेतल्या त्या दिवसापासून मी आमटीत गूळ घातला. त्या म्हणतील ते हो. शेवटच्या दुखण्यात त्या मला म्हणाल्या, "महानंदा, तू पुन्हा भांडलीच नाहीस गं माझ्याशी." मी त्यांचे पाय चेपत म्हटलं, "आई, तुमच्यामुळेच तर सगळं झालं." त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं, दुखत असेल.

आता कळलं काय दुखत होतं ते. डाळीत माझ्या डोळ्यांतलं पाणी पडलं, ती पुन्हा निवडावी लागली.

गुरुवारी मी पुन्हा शेपू आणली. पोरांची जेवणं उरकल्यावर दुपारी शिवन्याच्या ताटात चांगली दोन पळ्या वाढली आणि समोर बसले. ती मान खाली घालून खायला लागली.

"कशी झालीय?"

"छान."

"खोटं बोलतेस?"

तिनं वर बघितलं. मग मी सगळं सांगितलं. परभणीची शिवन्या, बंगळूरूची शिवन्या, अहो आई, तहसीन, सासूबाईंच्या पाटल्या, सगळं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला.

"तू मला खोटं सांगितलंस?"

"हो."

"माझ्या आयुष्याचं मला न सांगता तू परस्पर सही केलीस?"

"तुझ्या भल्यासाठी..."

"माझ्या भल्याचं मला कळू दे की!" ती ओरडली. हातातला घास ताटात आपटला. "मला जायचंय तिकडं. लई जायचंय. त्या टाक्या माझ्या स्वप्नात येतात. पण सोमवारपासून मी या घरात पाहुण्यासारखी फिरलालेय, तुला दिसलं नाही का? भिंतीकडं बघितलं की वाटतं, ही माझ्यामुळं गेली तर? तू पोळी लाटायला लागलीस की वाटतं, ही माझ्यासाठीच लाटते. मला चिडायला पण येईना तुझ्यावर! मी काल बाथरूममध्ये रडले, माहीत आहे का?"

"मला का नाही सांगितलंस?"

"कशी सांगू? घर दिलंस ना तू!"

नळाखालच्या बादलीत थेंब पडत होते.

"जा तू बंगळूरूला," मी म्हटलं. "आपण ठरवून भांडू. रोज."

"असं ठरवून होतंय का?" ती डोळे पुसत हसली. "तू मोठ्या आईशी ठरवून भांडलीस का?"

ती बराच वेळ पाण्याच्या पेल्याशी चाळा करत राहिली. मला माहीत होतं, ती मनात चाळीस टाक्यांसमोर उभी आहे. मी तिला घाई केली नाही. जे मी सोमवारी करायला हवं होतं, ते गुरुवारी केलं. गप्प बसले.

"परभणी," ती शेवटी म्हणाली.

"पस्तावशील."

"पस्तावेन की. आणि तुलाच ऐकवीन."

मी तहसीनला फोन लावला. संमती मागं घेतल्याची नोंद तिनं करून घेतली. मग हळूच म्हणाली, "मावशी, एक सांगू? परभणीच्या चार वर्षांनंतर एक परीक्षा असते. ती पास झालं तर बंगळूरूवाले उलट पगार देऊन संशोधनाला घेतात. तुमच्या भेटीत ते आलं नाही, कारण बहुतेक पोरं ती परीक्षा देतच नाहीत. यंत्र बहुतेकांचंच सांगतं."

फोन मोठ्या आवाजावर होता. शिवन्यानं मान वर केली. तिच्या कपाळावर आठी पडली, आठवीत थर्मामीटर बघताना पडायची तशी. मी काही विचारलं नाही. ते तिचं तिनं बघायचं.

मग तिनं ताट माझ्याकडं सरकवलं.

"आणि हे उचल आधी. सगळ्या घराला वास सुटलाय. मंगळवारी एकदा छळलंस ते कमी झालं का? कशाला करतेस गं तू असली घाण भाजी? तुला दुसरं काही येत नाही का?"

अठरा वर्षांत इतकं गोड बोलणं मी ऐकलं नव्हतं.

"फुकटचं गिळतेस आणि वर नखरे?" मी म्हटलं. "ऊठ, बेसन काढ डब्यातून. पिठलं टाकते."

ती पाय आपटत उठली. आणि कांदा कोण चिरणार यावरून आम्ही पिठलं होईपर्यंत भांडत होतो.